जजसाहेबांना, मराठीतून

जजसाहेब,

पेपरात तुमच्यावर दोन कॉलम छापून आलेत. फोटो जुना घातलाय, काळ्या झग्यातला, ओठ घट्ट मिटलेले. तुमच्या नोराने तो बघितला आणि ती म्हणाली, "हा माणूस कोण? माझ्या घरात तर कधी दिसला नाही." आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, एकोणिसाव्या वर्षी शिकागो, दिवसा लोकांच्या घरांची छपरं घालणं आणि संध्याकाळी कायद्याचं कॉलेज, मग इथल्या गावाच्या बोर्डावर, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेवर, निवडून येणं, मग पडणं, मग न्यायाधीश, आणि निवृत्तीनंतर पुन्हा बोर्ड. सगळं आहे त्या दोन कॉलमांत. त्यामुळे ते मी लिहीत नाही.

तुम्हाला मराठीतली तीनच वाक्यं यायची आणि त्यातली दोन खाण्याबद्दलची होती. तरीही हे मराठीतच लिहितेय. इंग्रजीत लिहायला घेतलं की मला कोर्टात उभी असल्यासारखं वाटतं, पाठ आपोआप ताठ होते. आणि आता तुम्ही जिथे आहात तिथे दुभाष्याची गरज पडत नसावी. पडत असली तर आमचा धंदा तिथेही चालेल, हे ऐकून बरं वाटेल.

बातमी कळली त्या दिवशी मी पिठलं-भात करून नोराकडे गेले. आमच्याकडे ज्या घरात कुणी जातं त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. नोराला मी हे सांगितलं. तिने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "याला त्रास होईल असं काही आहे का यात?" सवयीने विचारलं. तुमच्या पथ्यामुळे ती गेली दोन वर्षं प्रत्येक डबा उघडताना हेच विचारायची. मग तिच्याच लक्षात आलं. आम्ही दोघी थोडा वेळ रडलो आणि मग तिने दोनदा वाढून घेतलं. म्हणाली, "तो बोर्डाच्या मीटिंगहून आला. मी विचारलं, काय ठरलं? म्हणाला, काहीच नाही, दोन तास बोललो आणि काहीच ठरलं नाही, झकास मीटिंग झाली. आणि झोपला." सकाळी तुम्ही उठला नाहीत. जाणं असंच असावं, असं आमच्याकडेही म्हणतात, पण म्हणणारे जिवंत असतात.

मला तुम्ही पहिल्यांदा दिसलात ते त्या वऱ्हाडातल्या काकांच्या खटल्यात. त्यांचं नाव मी तेव्हाही बाहेर कुणाला सांगितलं नाही, आताही सांगत नाही. चौदा वर्षं झाली. माझं नाव कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीत नुकतंच लागलं होतं. त्याआधी सहा वर्षं मी नवऱ्याच्या, अभयच्या व्हिसावर इथे घरात बसून होते, आणि मिरजेत वकिलीची सनद घेतलेली बाई शिकागोजवळच्या या शॉमबर्ग गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये डाळी निवडत बसली की तिचं डोकं कसं होतं हे अभयला विचारा. हिंदीची कामं मिळायची, मराठीची वर्षातून दोन-चार. त्या सकाळी फोन आला की मराठी हवंय, तेव्हा मी इस्त्री केलेला शर्ट पुन्हा इस्त्री केला.

काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. आयुष्य विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेलं, रिकामं बसवेना, म्हणून मुलाने गावच्या सार्वजनिक बागेत त्यांना एक वाफा भाड्याने घेऊन दिला. काकांनी मेथी लावली. शेजारच्या वाफेवाल्याचं कुत्रं रोज येऊन त्या मेथीवर पाय वर करायचं. एक दिवस काकांनी काठी उगारली आणि त्या माणसावर मराठीतून ओरडले. त्याने पोलिसांना फोन केला. मारहाणीची भीती घातली, असा आरोप. दंड फार नसता झाला, पण ठपका बसला असता तर पुढचा व्हिसा मिळणं कठीण होतं, आणि इथे त्यांची चार महिन्यांची नात होती.

तुम्ही शपथेबद्दल विचारलंत, "समजलं का?" काकांनी मान हलवली. आपली मान, उजवी-डावी डुलते ती. तुम्ही बघत राहिलात, मग टंकलेखक बाईंना गंभीरपणे सांगितलंत, "नोंद घ्या. साक्षीदाराची मान हलली. कुठल्या दिशेने, ते कोर्टाला कळलेलं नाही." माझं हसू मी खोकला करून गिळलं. तुम्हाला ते दिसलं, असं तुम्ही पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलंत.

मग सरकारी वकिलाने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही त्याला काय म्हणालात?"

काका म्हणाले, "म्या त्याले दम देल्ला."

आणि मी इंग्रजीत म्हणाले, "मी त्याला धमकी दिली."

दुभाषी साक्षीदाराच्या जागी 'मी' म्हणून बोलते. त्यामुळे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा गुन्हा मीच कबूल केल्यासारखं वाटलं. सरकारी वकील खूष. "आणखी प्रश्न नाहीत." काका माझ्याकडे विश्वासाने बघत होते, इंग्रजीत त्यांच्या नावावर काय जमा झालंय त्याची त्यांना कल्पना नव्हती. जेवणाची सुट्टी झाली. मला त्यांच्याशी बोलायला परवानगी नव्हती आणि चिप्सच्या मशीनपाशी उभी राहून मी एक पाकीट उघडलं, ते तसंच हातात राहिलं.

सुट्टीनंतर मी उभी राहिले. "न्यायालयाची परवानगी असेल तर दुभाषी रेकॉर्ड दुरुस्त करू इच्छिते." स्वतःबद्दल बोलायचं तर असं तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं बोलावं लागतं. सरकारी वकिलाची हरकत तुम्ही हाताने खाली बसवलीत. मी सांगितलं, की सकाळी 'धमकी दिली' म्हणाले ती दुभाषीची चूक आहे. साक्षीदार 'त्याला रागावलो, चांगलं सुनावलं' असं म्हणाला होता.

तुम्ही विचारलंत, "दुभाषीला त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ माहीत आहे का?"

"या संदर्भात नाही, युअर ऑनर."

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मग पेन उचलून काहीतरी लिहिलंत.

निकाल संध्याकाळच्या आत दिलात. म्हणालात, जो माणूस एका म्हाताऱ्याच्या काठीला खरोखर घाबरला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बागेत, त्याच म्हाताऱ्याशेजारी, त्याच कुत्र्याला घेऊन दीड तास तण काढत बसत नाही. आणि बसल्याचं त्याने स्वतःच साक्षीत सांगितलंय. निर्दोष. मग चष्मा वर करून काकांना म्हणालात, "यापुढे ओरडायचं असेल तर काठी खाली ठेवून ओरडत जा."

मी ते मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "हो साहेब. मंग त्या कुत्र्याचं काय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "कुत्रं माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही." सरकारी वकीलसुद्धा हसला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही पुढे प्रत्येक पार्टीत सांगायचात आणि दर वेळी शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचात, "भर कोर्टात उभं राहून स्वतःची चूक सांगणारी अशी दुभाषी मी एकच बघितली." मी हसून ताटलीकडे बघायचे.

तुम्ही निवृत्त झालात आणि त्याच बागेत वाफा घेतलात, मी एव्हाना तिथे घेतलेल्या वाफ्याला लागून. मी म्हटलं, बटाटे लावणार असाल. तुम्ही चिडलात. "बटाटे काढून माझ्या बापाची कंबर गेली. मी फुलं लावणार. ज्यांचा कुणालाही काडीचा उपयोग नाही अशी फुलं." आणि लावलीत, आणि दर रविवारी नोरासाठी तोडून नेलीत, म्हणजे उपयोग झालाच. माझी मेथी खाऊन तुम्ही म्हणालात, औषध म्हणून चांगली आहे. दुसऱ्या वर्षापासून मात्र जुड्या मागून न्यायला लागलात.

तिथेच, गुडघ्यावर बसून, तुम्ही मला सांगितलंत की तुमच्या आईच्या भाषेत 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नाहीत. "आलास का?" विचारलं तर "आलो" म्हणायचं. मी म्हटलं, आमच्याकडे आहेत, पण आम्हीही तसंच बोलतो. "जेवलात का?" "जेवलो." तुम्ही खुरपं टाकून टाळी वाजवलीत. मग आजोबांची गोष्ट सांगितलीत. किनाऱ्यावरचं शेवाळ खतासाठी गोळा केलं म्हणून जमीनदाराने त्यांना कोर्टात ओढलं. कोर्ट इंग्रजीत, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. साहेब बोलतोय तर ऐकतोय हे दाखवावं म्हणून ते प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले. सगळे आरोप मान्य, असं लिहिलं गेलं. "ते घरी आले आणि म्हणाले, साहेब फार सभ्य होता, मी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं." तुम्ही ही गोष्ट हसत सांगितलीत, पण खुरपं पुन्हा हातात घ्यायला तुम्हाला वेळ लागला. तुमच्या कोर्टात लेकाच्या मोडक्या इंग्रजीवर आई-बापांचं तुम्ही का भागवू देत नव्हतात, दुभाषीच का मागवायचात, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तुम्हाला कधी 'कोलम' म्हणाले नाही. तुम्ही किती वेळा सांगितलंत. मी समजावलं, आमच्यात 'तू' असतं आणि 'तुम्ही' असतं, आणि 'तुम्ही'वाल्या माणसाला नावाने हाक मारता येत नाही.

"म्हणजे मी 'तुम्ही'?"

"हो."

"आणि नवरा?"

"तू. हल्ली. माझ्या आईचा नवरा 'अहो' होता."

"आणि देव?"

"देव 'तू'."

तुम्ही सावकाश मान डोलावलीत. "मी देवाच्या वर आहे, हे नोराला तू सांगशील की मी सांगू?"

मग बोर्डाने ठरवलं की बाग उखडून तिथे पार्किंग करायचं. तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे. नोरा म्हणाली, तक्रारीचं पत्र लिही. तुम्ही निवडणुकीचा अर्ज भरून आलात.

प्रचाराचे ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात धमाल दिवस होते असं मी म्हणते तेव्हा अभय म्हणतो, आपल्या लग्नाचे धरून का? अभय गाडी चालवायचा, तुम्ही पुढे, मी मागे पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. मराठी घरं माझ्याकडे होती. तुम्ही दारात उभं राहून "नमस्कार, मला मत द्या" म्हणायचात, पण ते ऐकू यायचं "मला मठ द्या", आणि एका घरातल्या काकूंनी खरंच फ्रीज उघडून बघितला आणि म्हणाल्या, "मठ्ठा नाहीये हो आज, पोहे चालतील का?" चालले. प्रत्येक घरात चालले. एका रविवारी तुम्ही पाच घरी पोहे खाल्लेत आणि सहाव्या घरी विचारलंत की तिखट जरा कमी का आहे. त्या घरचा मुलगा नागपूरचा, नुकताच आयटीत लागलेला, म्हणाला, "काका, यू आर ऑसम यार, पण माझं तर एच-वन आहे, मी व्होट नाही करू शकत." तुम्ही म्हणालात, "मग मीठ तरी नीट घाल." मत नसलेल्या घरांत तुम्ही जास्त वेळ बसायचात. अभय घड्याळ दाखवायचा. तुम्ही म्हणायचात, बोर्डाचे निर्णय काय फक्त मतदारांच्या घरावरून जातात का?

पण मला सांगायचीय ती त्या पिवळ्या दाराच्या घराची गोष्ट. मार्च महिना, बर्फाचा चिखल. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, तुम्हाला निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तू! तूच ना तो? ते अपार्टमेंट्स आणलेस तो?"

तुम्ही टोपी काढलीत. "हो. मीच."

"या गावात स्वतःची घरं असलेली माणसं राहत होती. तू हात वर केलास आणि सगळं जग इथे भाड्याने राहायला आलं."

"खरं आहे," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "ही त्यातलीच. ही मिसेस वसुधा. तुम्हाला काय म्हणायचंय ते हिला स्वतःच सांगा, ही उत्तम भाषांतर करते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे दात थंडीने वाजत होते. मग त्या म्हणाल्या, "तू तेव्हाही चुकला होतास आणि आताही चुकतोयस. बूट पुसून आत या."

पाऊण तास तुम्ही दोघं भांडलात. अभय आणि मी हीटरशेजारी बसून बिस्किटं खाल्ली. त्या भांडणातून मला कळलं ते हे. तीस वर्षांपूर्वी तुम्ही बोर्डावर होतात, तरुण होतात, पुढे राज्याच्या विधानसभेचं तिकीट जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा गावात भाड्याच्या घरांची वसाहत बांधायचा ठराव आला. हॉल माणसांनी भरलेला, सगळे विरोधात. बोर्डात बरोबरी झाली आणि तुमच्या मतावर ठराव पास झाला. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात. तिकीटही गेलं. लोकांनी वर्षभर तुमच्या दारापुढे कचरा टाकला.

त्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून पार्किंग दिसायचं त्या घरात, मी सहा वर्षं डाळी निवडत बसले होते. आमचं पहिलं घर. स्वतःचं घर घ्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि त्या गावात तेवढंच एक ठिकाण होतं जिथे आम्हाला कुणी भाड्याने घर दिलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं हे मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? घरं गवंड्यांनी बांधली. मी फक्त हात वर केला."

"तुमचं राजकारण संपलं त्याच्यामुळे."

"संपलं म्हणून तर जज झालो. हरलेल्या पुढाऱ्याला कुणाचे उपकार फेडायचे राहत नाहीत." मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वाईट वाटलं ग. खोटं नाही बोलणार. वर्षभर वाईट वाटलं. मला ते विधानसभेचं फार हवं होतं." आणि लगेच, "आता पुढचं घर कुणाचं? भूक लागली."

मी त्या दिवशी आभार मानायला हवे होते. मागच्या सीटवरून आभार मानणं मला बरं दिसेना, आणि पुढे राहून गेलं. आभारी आहे, जजसाहेब. त्या घराची भिंत पातळ होती आणि नळ गळायचा, पण आभारी आहे.

तुम्ही थोडक्यात निवडून आलात. बाग राहिली. निकालाच्या संध्याकाळी त्या पिवळ्या दारवाल्या बाईंचा फोन आला, "मी तुला मत दिलेलं नाही, पण अभिनंदन." सगळ्या अभिनंदनांत तुम्हाला तेच सगळ्यात आवडलं.

मीही मत दिलं नव्हतं. मी नागरिकच नाही. यावरून आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही दर शरद ऋतूत विचारायचात, "फॉर्म भरलास?" मी म्हणायचे, दुभाषीने दोन्ही बाजूंचं बोलायचं असतं, तिला बाजू नसते. तुम्ही म्हणायचात, "हा युक्तिवाद नाही, ही पळवाट आहे, आणि पळवाटा ओळखायचा पगार मी वीस वर्षं घेतलाय." शेवटी एकदा खरं सांगितलं, की शपथ घेताना मला काय वाटेल याची भीती वाटते. तेव्हा तुम्ही वाद सोडलात. म्हणालात, "मी शपथ घेतली आणि बाहेर येऊन दोन हॉट डॉग खाल्ले आणि फुटपाथवर बसून रडलो. कशामुळे रडलो, शपथेमुळे की हॉट डॉगवरच्या मोहरीमुळे, ते अजून कळलेलं नाही." फॉर्म लॅपटॉपवर अर्धा भरून पडलाय. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका. जिंकले असंही मी समजत नाही.

परवा तुम्हाला पोचवून आलो. चर्च भरलं होतं. तुमची धाकटी बहीण आयर्लंडहून आली होती, तिने तुमच्या आईच्या भाषेत प्रार्थना म्हटली. एक अक्षर कळलं नाही आणि कंटाळाही आला नाही. तुम्ही नोराकडे सूचनांचा कागद ठेवला होता म्हणे. फादरनी आटोपतं घ्यावं. रडकी गाणी नकोत. आणि तिसरी सूचना: 'वसुधाने बोलावं. इंग्रजीत नको. आयुष्यभर दुसऱ्यांचं इकडून तिकडे वाहिलंय तिने.'

नोराने हे मला चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. तयारीला वेळच नव्हता. मी पुढे जाऊन उभी राहिले. समोर शेकडो चेहरे, त्यांतला मराठी एकच, तिसऱ्या रांगेत बसलेला अभय. शेजारी तुम्ही, झाकण बंद. आणि पुढे येईपर्यंत मी जे बोलायचं ठरवलं होतं ते न बोलता भलतंच बोलले.

म्हटलं, जजसाहेब, ती चूक नव्हती. सकाळी मी 'धमकी' म्हणाले, ते चूक नव्हतं. 'दम देणं' म्हणजे रागावणंही होतं आणि धमकावणंही होतं. पेपरात 'दमदाटी केल्याचा गुन्हा' छापून येतो, तो याच 'दम'चा. तुम्ही मला विचारलंत, दुसरा अर्थ आहे का. मी म्हणायला हवं होतं, दोन्ही होतात, युअर ऑनर, यातला कुठला ते साक्षीदारालाच विचारा. एवढं एक वाक्य. ते मी गिळलं. माझे वडील तशाच आवाजात रिक्षावाल्याला, टीव्हीला आणि गणपतीलासुद्धा दम द्यायचे. काकांच्या जागी मला ते दिसले, आणि मला वाटलं की काका काय म्हणाले ते मला माहीत आहे. दुभाषीला वाटून चालत नाही. आणि त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही माझ्या प्रामाणिकपणाची गोष्ट लोकांना सांगितलीत आणि मी ताटलीत बघत राहिले.

'युअर ऑनर' तेवढं लोकांना कळलं. दर वेळी ते आलं की हसू फुटायचं. मला वाटतं त्यांना ती काहीतरी फार मजेदार गोष्ट वाटली.

आणि बोलता बोलता, तिथे उभी असतानाच, मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. तुमच्या निकालात माझा शब्द कुठेच नव्हता. चक्क नव्हता. तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला होता, की एवढं धैर्य करून दुरुस्ती केली आणि साहेबांनी तिचा उल्लेखही केला नाही. तुम्ही सगळा निकाल त्या कुत्र्यावर आणि दुसऱ्या दिवशीच्या तण काढण्यावर उभा केलात. माझ्या शब्दाला हात न लावता बाजूने गेलात. तुम्ही पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलंत तेव्हा काय बघितलंत? मला विचारता आलं असतं. बागेत किती वर्षं शेजारी होतो.

नंतर खालच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच होती. नोरा आली, माझा हात धरला. "काय बोललीस त्याला?"

मी तोंड उघडलं. माझी सवय अशी की समोरचा श्वास घेईपर्यंत भाषांतर तयार असतं. तिने हात वर केला.

"नको. थांब. एक्कावन्न वर्षं त्या माणसाचं मला सगळं माहीत होतं, दाढदुखीसकट. एखादी गोष्ट मला माहीत नसलेली राहू दे. फक्त एवढं सांग, ते ऐकून तो हसला असता का?"

"आधी रागावले असते."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"म्हणजे गंभीर होतं," नोरा म्हणाली आणि माझ्या कपात चहा ओतला.

गाडीत अभयने दोनदा आरसा नीट केला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. हायवेला लागल्यावर म्हणाला, "कोर्टात जजला अर्धवट सांगतेस, आणि घरी मला म्हणतेस, भाजी कशी झालीय ते अगदी खरं खरं सांग!"

मी इतकी हसले की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. तुम्ही असतात तर या बाबतीत अभयचीच बाजू घेतली असतीत, मला माहीत आहे. घ्या. निकाल द्या. माझी हरकत तेवढी रेकॉर्डवर राहू द्या.